तिकिटावर कर आहे, निधीत पैसा आहे. मग रडारची जोडणी जुनी का?

प्रश्न ठाण्याच्या एका वाचक ताईंचा आहे. त्यांची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. २०२५ च्या मे महिन्यात त्या तिच्याकडे गेल्या होत्या, आणि न्यूअर्कहून शिकागोला जायचं त्यांचं विमान दोन दिवसांत दोनदा रद्द झालं. कारण सांगितलं गेलं ते एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, जुन्या यंत्रणेचं. त्या विचारतात : ‘तिकिटाच्या पावतीवर करांची एवढी रांग असते, मग यंत्रणा नवी करायला पैसा नाही कसा? एटीसी खासगी केली की प्रश्न मिटेल असं जावई म्हणतात, ते खरं का? आणि आपल्याकडे भारतात हा खर्च कोण देतं?’

ताई, रडार, रेडिओ आणि दिशादर्शक यंत्रणा बसवणं आणि त्या चालत्या ठेवणं या कामात माझी ३१ वर्षं गेली. पहिली नऊ मुंबईत, पुढची सगळी अमेरिकेत. आधी एका ओळीत उत्तर देतो. कर पुरेसा गोळा होतो; पण तो किती, कधी आणि कशावर खर्च करायचा हे दर वर्षी नव्याने ठरतं, आणि वीस वर्षं चालणारं यंत्र घ्यायला कर्ज काढायची मुभा एटीसी चालवणाऱ्या सरकारी खात्याला नाही. एटीसीचा मालक कोण असावा यावर अमेरिकेत चाळीस वर्षं वाद चालू आहे. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पैशाच्या चालीचा आहे.

तुमचं विमान का रद्द झालं तिथून सुरुवात करू. न्यूअर्कच्या आसपासचं आकाश जुलै २०२४ पर्यंत लाँग आयलंडवरच्या वेस्टबरी इथल्या केंद्रातून सांभाळलं जायचं. तिथे नियंत्रकांची फार टंचाई होती, म्हणून हे काम फिलाडेल्फियाला हलवलं. माणसं हलली, पण रडारचं चित्र मात्र न्यूयॉर्कच्याच सर्व्हरमधून दूरसंचाराच्या तारांवरून फिलाडेल्फियाला जात राहिलं. २८ एप्रिल २०२५ ला ती जोडणी तुटली आणि सुमारे ९० सेकंद नियंत्रकांपुढचे पडदे आणि कानातले रेडिओ, दोन्ही बंद पडले. ९ मे ला पहाटे ३ वाजून ५५ मिनिटांनी पुन्हा तेच झालं.

९० सेकंद म्हणजे किती, हे अंतरात सांगतो. दहा हजार फुटांखाली विमानाला जास्तीत जास्त २५० नॉट वेगाची परवानगी असते, म्हणजे मिनिटाला जवळपास पावणेआठ किलोमीटर. दीड मिनिटात ते साडेअकरा किलोमीटर पुढे जातं. विमानतळाजवळ रडारवर दोन विमानांत साधारण साडेपाच किलोमीटर अंतर राखलं तर ते पुरेसं मानतात. म्हणजे पडदा काळा असताना प्रत्येक विमान त्या सुरक्षित अंतराच्या दुप्पट वाट चालून गेलं, आणि त्यांना काही सांगायला कुणाचा आवाजही पोचत नव्हता. काही नियंत्रकांनी त्यानंतर मानसिक धक्क्याची रजा घेतली. मला त्यात काही नवल वाटलं नाही. पडदा गेल्यावर नियंत्रक डोक्यातल्या चित्रावर काम करतो, आणि ते चित्र दर सेकंदाला शिळं होत जातं.

आता तुमच्या पावतीकडे वळू. अमेरिकेत १९७० मध्ये कायद्याने विमानतळ आणि हवाई मार्ग यांच्यासाठी वेगळा निधी काढला गेला. त्यात देशांतर्गत तिकिटाच्या भाड्यावर ७.५ टक्के कर जातो, प्रत्येक टप्प्यामागे माणशी ठरावीक रक्कम जाते (२०२५ मध्ये ५ डॉलर २० सेंट), मालाच्या भाड्यावर ६.२५ टक्के आणि इंधनावर गॅलनमागे काही सेंट जातात. तुम्ही मुंबईहून गेलात त्या तिकिटावर ७.५ टक्के नव्हते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला येताना आणि जाताना प्रत्येकी सुमारे २३ डॉलरचा एकठोक कर असतो. एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, याचा बराचसा खर्च या निधीतून भागतो. उरलेलं सरकारी तिजोरीतून येतं, आणि ते प्रमाण संसद दर वर्षी बदलते.

या कराचा पाया १९७० च्या विमानप्रवासावर आखलेला आहे. कर भाड्यावर आहे, नियंत्रकाच्या श्रमावर नाही. २००८ नंतर अमेरिकी विमान कंपन्यांनी भाडं कमी ठेवून बॅगेचे पैसे वेगळे घ्यायला सुरुवात केली. बॅगेचं शुल्क म्हणजे प्रवासाचं भाडं नव्हे, म्हणून त्यावर हा ७.५ टक्के लागत नाही. विमान तेच, नियंत्रकाचं काम तेच, पण कमाईचा एक मोठा भाग निधीच्या बाहेर गेला.

दुसरं उदाहरण न्यूअर्कच्या अगदी शेजारचं आहे. तिथून थोड्याच अंतरावर टेटरबोरो नावाचा विमानतळ आहे. तिथे प्रवासी कंपन्या नाहीत, उद्योगपतींची आणि कंपन्यांची खासगी जेट विमानं असतात. ही विमानंही फिलाडेल्फियाचे तेच नियंत्रक सांभाळतात. समजा न्यूअर्कहून १५० प्रवासी घेऊन एक एअरबस फ्लोरिडात पाम बीचला निघाली आणि सरासरी भाडं २०० डॉलर आहे. भाड्यावरचा कर आणि टप्प्याचा आकार मिळून निधीत ३,००० डॉलरहून थोडे जास्त पडतात. त्याच वेळी टेटरबोरोहून स्वतःच्या मालकीचं एक मध्यम जेट तिथेच निघालं आणि त्याने ६०० गॅलन इंधन जाळलं, तर गॅलनला २१.९ सेंटच्या हिशेबाने ते १३१ डॉलर देतं. (भाड्याने घेतलेलं जेट असेल तर तिकिटासारखाच ७.५ टक्के लागतो. हा फरक वादात दोन्ही बाजू सोयीने विसरतात.) दोघांना रांगेत जागा एकेकच लागते, आणि नियंत्रकाचं लक्षही दोघांना सारखंच लागतं.

युरोपात हा हिशेब वेगळा आहे. विमानाच्या टनातल्या वजनाला ५० ने भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, त्याला दर १०० किलोमीटरमागच्या अंतराने आणि त्या देशाच्या दराने गुणायचं. वर्गमूळामुळे जड विमानावर वाजवीपेक्षा जास्त भार पडत नाही आणि हलकं विमान फुकट सुटत नाही. वरच्या उदाहरणातलं जेट १४ टनांचं आणि एअरबस ७८ टनांची धरली, तर या सूत्राने एअरबसला जेटच्या सव्वादोन ते अडीच पट द्यावे लागतील. अमेरिकेत आज ती तेवीस पट देते. अमेरिकेच्या हवाई हद्दीतून नुसतं ओलांडून जाणाऱ्या विमानांकडून मात्र एफएए अंतराप्रमाणे शुल्क घेते, आणि तेवढं सुरळीत चालतं. म्हणजे हिशेबाची पद्धत त्यांना माहीत नाही असं नाही.

तरीही कराचा प्रकार बदलला म्हणजे काम झालं, असं मला वाटत नाही. त्याचं कारण मी स्वतः पाहिलं आहे.

निधीत पैसा असला तरी संसदेने खर्चाला मंजुरी दिल्याशिवाय एफएएला त्याला हात लावता येत नाही. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि तोवर अंदाजपत्रक मंजूर झालेलं असणं हे आता अपवादानेच घडतं. मग आपल्याकडच्या लेखानुदानासारखा तात्पुरता ठराव होतो : मागच्या वर्षी जे चालू होतं ते त्याच रकमेत चालू ठेवा, नवं काही सुरू करू नका. या ‘नवं काही सुरू करू नका’ने जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्याही बिघाडाने केलं नसेल.

एका केंद्रावर आम्ही नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातले आवाजाचे रेडिओ बदलत होतो. पहिल्या वर्षाच्या पैशात रेडिओ आले, खोकी गोदामात लागली. ते बसवायला लागणारं केबलिंग, वीज आणि वातानुकूलनाचं काम दुसऱ्या वर्षाच्या पैशात होतं. दुसऱ्या वर्षी तात्पुरता ठराव आला आणि केबलिंग ‘नवं काम’ ठरलं. तो ठराव दोनदा वाढला. खोक्यांवर तारखेची चिठ्ठी असते. मी दर महिन्याला गोदामात जाऊन ती वाचायचो. केबल टाकली गेली तोवर निम्म्या रेडिओंची हमी संपली होती. दरम्यान वरच्या मजल्यावर आमचा एक तंत्रज्ञ जुन्या रेडिओच्या कार्डावरचा एक जळका घटक डाग देऊन बदलत होता. ते कार्ड बनवणारा कारखाना कधीच बंद झाला होता, म्हणून सुटा भाग जुन्या बाजारातून मागवला होता. त्या माणसाचे हात इतके सरावलेले होते की काम बघत राहावं. पण त्याच्यासारखी माणसं निवृत्त होत होती, आणि ते कार्ड दुरुस्त कसं करायचं हे लिहिलेली वही एकच होती.

हे एका केंद्राचं दुखणं नव्हतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एफएएच्या १३८ यंत्रणांचा हिशेब मांडला. त्यातल्या ५१ पुढे चालवण्याजोग्या नाहीत आणि आणखी ५४ च्या बाबतीत तशी शक्यता आहे, असं त्यात म्हटलं आहे. मिळून १०५, म्हणजे चारांत तीन. यंत्रसामग्रीसाठीची वार्षिक तरतूद अनेक वर्षं तीन अब्ज डॉलरच्या आसपास घोटाळत राहिली. महागाई वाढली, यंत्रं म्हातारी झाली, आणि त्या तीन अब्जांतला मोठा वाटा जुनं जिवंत ठेवण्यातच जात राहिला.

पैशाची ही चाल किती तऱ्हांनी मोडते ते पाहा. २०११ च्या जुलैमध्ये कर वसूल करण्याची मुदत संपली आणि संसदेने ती वेळेत वाढवली नाही. दोन आठवडे तिकिटावर कर नव्हता. बहुतेक कंपन्यांनी तेवढंच भाडं वाढवलं, प्रवाशाला स्वस्त काही पडलं नाही, निधी मात्र कोरडा राहिला आणि एफएएचे सुमारे ४,००० कर्मचारी घरी बसले. २०१३ च्या एप्रिलमध्ये सरसकट खर्चकपातीपायी नियंत्रकांना बिनपगारी सुट्टीवर पाठवलं. विमानं रखडल्यावर आठवड्याच्या आत संसदेने विमानतळ बांधणीच्या पैशातून २५.३ कोटी डॉलर पगाराकडे वळवले. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकारचं काम बंद पडलं. दोन्ही वेळा नियंत्रक पगाराविना कामावर येत होते. २०२५ ला तर नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं हुकूम काढून कमी करावी लागली. या ४३ दिवसांत प्रवाशांकडून तिकिटावरचा कर रोज गोळा होत होता. त्याच प्रवाशांचं विमान उतरवणाऱ्या माणसाला मात्र पगार मिळत नव्हता. मी त्या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्यातल्या कुणी त्या काळात रात्री गाडी चालवून घरखर्च भागवला असं कळलं की जीव तुटतो.

यावर तुमचे जावई म्हणतात ते उत्तर अमेरिकेत खूप दिवस चर्चेत आहे : एटीसी सरकारातून बाहेर काढा. त्यांच्यापुढे बहुधा कॅनडा असेल. कॅनडाने १ नोव्हेंबर १९९६ ला आपली सगळी यंत्रणा दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला नॅव्ह कॅनडा नावाच्या संस्थेला विकली. ती खासगी आहे, पण तिला भागधारक नाहीत आणि नफा वाटायचा नाही. तिच्या संचालक मंडळावर विमान कंपन्या, सरकार, कामगार संघटना आणि व्यावसायिक जेटवाले, सगळ्यांची माणसं असतात. ती विमानांकडून वजन आणि अंतर यांवर शुल्क घेते आणि त्या उत्पन्नाच्या भरवशावर रोखे काढून यंत्रं विकत घेते. नियंत्रकापुढच्या कागदी पट्ट्यांच्या जागी तिने संगणकीय पट्ट्या स्वतः बनवल्या आणि दुसऱ्या देशांनाही विकल्या. अमेरिकेतल्या बहुतेक टॉवरमध्ये अजूनही प्रत्येक विमानासाठी कागदाची अरुंद पट्टी छापून, प्लास्टिकच्या पन्हळीत सरकवून हातोहात पुढे दिली जाते. ती पद्धत वाईट नाही. वीज गेली तरी कागद राहतो. पण त्या कागदावरचं दुसऱ्या केंद्राला आपोआप दिसत नाही.

२०१७ मध्ये बिल शुस्टर यांनी, ते प्रतिनिधीगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष होते, कॅनडाच्या धर्तीवरचं विधेयक मांडलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी पाठिंबा दिला, मोठ्या कंपन्यांनी दिला, आणि नियंत्रकांच्या संघटनेनेही दिला, कारण दर वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या गोंधळाला तीही कंटाळली होती. लहान विमानं आणि व्यावसायिक जेट यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या. सभागृहात मतं जमली नाहीत आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये शुस्टर यांनी ते सोडून दिलं.

विरोध करणाऱ्यांना नुसतं श्रीमंतांचे वकील म्हणून बाजूला सारता येणार नाही. माँटानात किंवा अलास्कात चार आसनी विमान उडवणाऱ्या माणसाची भीती मला पटते. आज त्याला हवामान विचारायला, रडारवर लक्ष ठेवा म्हणायला, खराब हवेत मदत मागायला वेगळे पैसे पडत नाहीत. त्याचं सगळं इंधनाच्या करात येतं. उद्या प्रत्येक सेवेचं बिल यायला लागलं तर तो रेडिओ उचलायला कचरेल. एटीसीशी बोलायला कचरणारा वैमानिक हा त्याच्या आणि इतरांच्या जिवाला धोका आहे. कॅनडाने यावर साधा उपाय केला : छोट्या विमानांना ठरावीक रक्कम, हाकेगणिक बिल नाही. छोट्या गावांची दुसरी भीतीही खरी आहे. मंडळावर मोठ्या कंपन्यांचं वजन असेल तर गर्दीच्या विमानतळांना आधी आणि आमच्या टॉवरला शेवटी, असं होईल. संसदेच्या हातात पैसा असल्याने त्यांच्या खासदाराला निदान आवाज तरी आहे.

त्या आवाजाचीही दुसरी बाजू आहे. लांब पल्ल्याची उड्डाणं सांभाळणारी अमेरिकेतली मोठी केंद्रं बहुतेक १९६० च्या दशकातल्या इमारतींत आहेत. नव्या यंत्रणेचा खरा फायदा केंद्रं एकत्र करण्यात असतो. पण केंद्र बंद करायचं म्हटलं की त्या मतदारसंघाचा खासदार उभा राहतो, आणि यंत्रं नवी घेऊनही खर्च जुन्याच इमारतींवर होत राहतो.

बाहेर काढलं की सगळं सुरळीत, असंही नाही. ब्रिटनने २००१ च्या उन्हाळ्यात आपली यंत्रणा अर्धवट खासगी केली : विमान कंपन्यांच्या गटाला ४६ टक्के, कर्मचाऱ्यांना ५ टक्के, उरलेलं सरकारकडे. त्यात मोठं कर्ज काढलं होतं. काही आठवड्यांत ११ सप्टेंबर झालं, अटलांटिकवरची उड्डाणं आटली, उत्पन्न कोसळलं. २००३ मध्ये सरकार आणि हिथ्रो चालवणारी कंपनी यांनी मिळून १३ कोटी पौंड घालून ती सावरली. पुढे २८ ऑगस्ट २०२३ ला तिथेच एका उड्डाणाच्या आराखड्यात सारख्या नावाचे दोन बिंदू आले. मुख्य संगणक आणि त्याचा राखीव, दोघेही तिथेच अडले, आणि सात लाखांहून जास्त प्रवाशांचे हाल झाले. कॅनडातही २०२० मध्ये आकाश रिकामं झाल्यावर नॅव्ह कॅनडाला १ सप्टेंबरपासून आपले दर २९.५ टक्क्यांनी वाढवावे लागले, म्हणजे विमान कंपन्या सर्वांत अडचणीत असताना. अमेरिकेत त्याच वर्षी उलट झालं : कर मार्चअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ केला आणि तिजोरीतून १४ अब्ज डॉलर निधीत टाकले. संकटात तिजोरी मागे असणं किती मोलाचं असतं हे तेव्हा दिसलं. जावयांना एवढं मात्र जरूर सांगा.

नुसता पैसा ओतूनही भागत नाही, हे अमेरिकेने दोनदा अनुभवलं आहे. १९८८ मध्ये आयबीएमला एका प्रचंड संगणकीकरणाचं कंत्राट दिलं. गरजा रोज बदलत गेल्या, आणि १९९४ मध्ये त्यातला बराच भाग मोडीत काढावा लागला. अब्जावधी डॉलर गेले. २००३ च्या कायद्याने ‘नेक्स्टजेन’ ही योजना आणली, २०२५ ची मुदत ठेवली. तिच्यावर १५ अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाले. तिचा एक भाग खरंच चांगला झाला : १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या हवाई हद्दीत प्रत्येक विमानाने उपग्रहावरून आपली जागा काढून ती स्वतः प्रसारित करायची. त्याला तारीख ठरली होती, यंत्र ठरलं होतं, विमानमालकांनी खर्च कुठे करायचा हे ठरलं होतं. जिथे ही तिन्ही ठरत नाहीत तिथे काम लांबतं.

आता ताजा अध्याय. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ माणसं गेली. नंतर न्यूअर्क झालं. ८ मे ला वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी योजना मांडली : ४,६०० ठिकाणी तांब्याच्या तारांऐवजी फायबर आणि वायरलेस, ६१८ रडार नवी, २५,००० नवे रेडिओ, आणि सगळं २०२८ पर्यंत. ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात तिच्यासाठी सुमारे साडेबारा अब्ज डॉलर आले, त्यात ४.७५ अब्ज दूरसंचारासाठी आणि ३ अब्ज रडारसाठी. डिसेंबरात पेराटन या कंपनीला सगळी जुळणी करायचं काम मिळालं, आणि आणखी १९-२० अब्ज हवेत असं मंत्र्यांनी सांगितलं.

दूरसंचाराला सर्वांत मोठा वाटा दिला हे मला फार योग्य वाटतं. न्यूअर्कला रडार बंद पडलं नव्हतं, तार तुटली होती. पण ही रक्कम एकदाची आहे. नळाला रोज थोडं पाणी येणं आणि चार महिन्यांतून एकदा टँकर येणं, वर्षाचे लिटर सारखे भरले तरी घर सारखं चालत नाही. तीन वर्षांत २५,००० रेडिओ बसवले, तर ते सगळे एकदमच म्हातारे होतील, आणि २०४५ च्या आसपास पुन्हा एक टँकर लागेल. शिवाय इतकं काम तीन वर्षांत करायला हात कुठून आणायचे? प्रमाणित नियंत्रकच जवळपास ३,००० कमी आहेत, आणि नवी यंत्रणा शिकवायची तर चालू पाळीतला माणूस सोडवून वर्गात बसवावा लागतो.

माझ्यावर सोपवलं तर मी काय करीन? यंत्रणा सरकारच्याच मालकीची ठेवीन. तिजोरीचा आधार मला सोडायचा नाही. पण तिला स्वतंत्र महामंडळाचं रूप देऊन, शुल्काचं उत्पन्न थेट तिच्या खात्यात जाऊ देईन आणि त्यावर रोखे काढायची मुभा देईन. जर्मनीत संपूर्ण सरकारी मालकीची कंपनी असं काम करते, ऑस्ट्रेलियात सरकारी महामंडळ करतं, न्यूझीलंडने तर १९८७ मध्येच हे केलं. शुल्क वजनाच्या वर्गमुळावर आणि अंतरावर, छोट्या विमानांना वर्षाची ठरावीक रक्कम, आणि उत्पन्न चांगलं असेल त्या वर्षी बाजूला ठेवलेली गंगाजळी, म्हणजे २०२० सारख्या वर्षी दर वाढवायची वेळ येऊ नये. महामंडळ होईपर्यंत निदान एवढं तरी : निधीतला पैसा पगार आणि चालू कामं यांच्यासाठी संसदेच्या मंजुरीविना वापरता यावा, आणि यंत्रसामग्रीची तरतूद पाच-सात वर्षांसाठी एकदाच व्हावी. हा दुसरा बदल उद्या करता येईल. त्याला मालकीचा वाद सोडवायची गरज नाही.

तुमचा तिसरा प्रश्न भारताचा. आपल्याकडे सुरुवातीपासून अमेरिकेपेक्षा वेगळी वाट आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण विमान कंपन्यांकडून मार्ग-सुविधेचं शुल्क घेतं, तेही विमानाचं वजन आणि अंतर यांवर; आपल्या आकाशातून न उतरता जाणारी परदेशी विमानंही ते देतात. म्हणजे अमेरिका ज्यावर भांडते आहे ते आपल्याकडे कधीच ठरून गेलं आहे. पण हेच प्राधिकरण विमानतळही बांधतं आणि चालवतं, आणि सरकारला लाभांशही देतं. त्यामुळे एटीसीच्या शुल्कातला किती पैसा एटीसीच्या यंत्रांवर परत आला, हे प्रवाशाला सहज दिसत नाही. ६ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत उड्डाणांचे आराखडे पुढे पाठवणारी संदेशयंत्रणा बसली, नियंत्रक ते आराखडे हाताने भरत राहिले आणि ८०० हून जास्त विमानांना उशीर झाला. ती बातमी वाचताना मला ते गोदाम आणि खोक्यांवरच्या तारखा आठवल्या.

पुढचा मोठा खर्च तर महाराष्ट्रातच येऊ घातला आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई हे चार विभाग आणि गुवाहाटीचा उपविभाग एकत्र करून सगळं वरचं आकाश नागपुरातून सांभाळायची ‘ईशान’ नावाची योजना आहे. तिच्या प्रकल्प अहवालासाठी प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये प्रस्ताव मागवले. केंद्रं एकत्र करण्याचं जे काम अमेरिकेला राजकारणापायी जमत नाही, ते आपण करू पाहतो आहोत, आणि मला ते मनापासून आवडतं. त्या अहवालात मी सर्वांत आधी एक पान शोधीन : नागपूरला जाणाऱ्या प्रत्येक तारेला दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या खांबांवरून येणारी राखीव तार आहे का, आणि ती दहाव्या वर्षी बदलायचा पैसा कोणत्या खात्यात धरला आहे.